चौसष्टावा प्याला

“उद्या चौसष्ट भर गं केझी,” पाळकसाहेब दारातूनच म्हणाले आणि दमलेले तसेच स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले.

मी त्यांच्या स्टोव्हवर काळ्या मनुका उकळत होते. प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्या चर्चमध्ये असाच व्हायचा. शुक्रवारी मनुका भिजत घालायच्या, शनिवारी दुपारी उकळून कुस्करायच्या आणि पातळ फडक्यातून गाळायच्या. बाटलीतला रस शहरातल्या मंडळींना परवडायचा. आमचं प्रवराकाठचं खेडं, आमची मंडळी म्हणजे लहानथोर धरून शे-दीडशे माणसं.

“त्रेसष्ट,” मी म्हटलं. “यादी माझ्यासमोर आहे.”

“असू दे. दे ती इकडं.”

ही यादी म्हणजे आमची जुनी रीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि आदल्या दिवशी चर्चचा एक पंच वही घेऊन घरोघर फिरायचा. उद्या मेजाला कोण येणार, म्हणजे प्रभूची भाकर आणि प्याला कोण घेणार, त्यानं नाव द्यायचं. कुणाशी भांडण असेल तो आपण होऊन नाव देत नसे. पंचांनी ज्याला मंडळीबाहेर काढलं असेल त्याचं नाव कुणी लिहून घेत नसे. जितकी नावं तितके प्याले. बोटभर उंचीचे काचेचे प्याले, लाकडी ताटाच्या भोकांत बसवलेले. पाळकबाई होत्या तेव्हा त्या पाचसहा जास्तीचे भरत आणि उरले की मागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून येत. त्या वारल्या, काम माझ्याकडं आलं आणि मी ते बंद केलं. ज्याला प्रभूचं रक्त म्हणायचं ते झाडाला घालायचं, हे काही मला पटत नव्हतं.

पाळकसाहेबांनी खिशातलं पेन काढलं, गुडघ्यावर कागद ठेवून शेवटी एक नाव लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. शमुवेल उजागरे. माझा बाप. त्याला अण्णा म्हणायचं मी केव्हाच सोडलं होतं.

माझी पळी पातेल्यातच राहिली. चौदा वर्षांपूर्वी, मी दहा वर्षांची असताना, हा माणूस आईला आणि मला टाकून श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यावर कामाला गेला आणि तिथल्याच एका बाईबरोबर बिऱ्हाड करून राहिला. पंचांनी तीनदा बोलावणं धाडलं. आला नाही. मग एका रविवारी त्याचं नाव वाचून त्याला मंडळीबाहेर केलं, आणि आई आणि मी तिसऱ्या बाकावर बसून ते ऐकलं. आता ती बाई मेली होती, याची फुफ्फुसं कामातून गेली होती आणि राहुरीच्या बहिणीनं दया येऊन घरात घेतलं होतं. दोन महिने, फार तर तीन, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानं पाळकसाहेबांना कार्ड टाकलं होतं की मरायच्या आधी एकदा मेजाला बसू द्या, दुसरं काही मागत नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

“पंच काय म्हणाले?” मी विचारलं.

“चार जण हो म्हणाले, तिघे नाही म्हणाले. सावळेराम तर तावातावानं उठूनच गेला. पण झालं एकदाचं.”

“आणि मला कुणी विचारलं?”

पाळकसाहेबांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुला आधी विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो.”

“मग माझं उत्तर नाही असं आहे.”

“का?”

या ‘का’ची माझ्याकडं दोन उत्तरं होती. एक माझं स्वतःचं आणि एक बायबल शाळेतून आणलेलं. मी बायबल शाळेतलं दिलं.

आता मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि त्या चोवीस वर्षांच्या केझियाची मला दया येते, पण तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतं. दोन वर्षं बायबल शाळेत शिकून मी नुकती परत आले होते. तिथं एक मास्तर होते, फार हुशार, फार कडक. त्यांनी आम्हांला शिकवलं की जग निर्माण व्हायच्या आधीच देवानं आपली माणसं निवडून ठेवली आहेत. ख्रिस्त वधस्तंभावर मेला तो त्या निवडलेल्यांसाठी, एकेकाचं नाव घेऊन. बाकीच्यांसाठी नाही. वर्गात पुष्कळजणींना हे ऐकून रडू आलं. मला मात्र पहिल्या दिवसापासून ते गोड लागलं.

“ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला नाही, पाळकसाहेब,” मी म्हटलं. “मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो. लांडग्यासाठी देत नाही.”

“शमुवेल लांडगा आहे होय?”

“चौदा वर्षं काय केलं ते बघा की. देवाच्या माणसाची ही लक्षणं असतात?”

“पण देवानं साऱ्या जगावर प्रीती केली, असं रविवारच्या शाळेत पोरांकडून तूच पाठ करून घेतेस.”

“जग म्हणजे जगभरातली त्याची माणसं. आणि सगळ्यांसाठी मेला असेल तर नरकात जातं कोण? जे जातात त्यांच्यासाठी सांडलेलं रक्त फुकट गेलं म्हणायचं का? देवाचं काही फुकट जातं?”

हा मुद्दा मला फार आवडायचा. याच्यावर भल्याभल्यांची बोलती बंद होताना मी पाहिली होती. पाळकसाहेब जुन्या काळचे, व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी टोपी काढली आणि टाळूवरून हात फिरवला.

“हे बघ, मी काही तुझ्याइतका शिकलेलो नाही,” ते म्हणाले. “पण चैत्रात पाणपोई घालणारा माणूस माठ भरताना गावाची यादी घेऊन बसतो का? रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांसाठी भरतो. कुणी पितो, कुणी तसाच पुढं जातो.”

“आणि उरलेलं शिळं पाणी संध्याकाळी ओतून देतात.”

“देईनात का.”

“मला तसला ख्रिस्त नको,” मी म्हटलं, आणि माझा आवाज एकदम चिरका झाला. “कुणीही यावं, कुणीही प्यावं, आणि नाही आलं तरी त्याचं काही अडत नाही. सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठीच नाही. मला माझं नाव घेऊन मेलेला पाहिजे.”

पाळकसाहेब माझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं कळलं असावं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

“तुझं नाव घेतलंय त्यानं,” ते म्हणाले. “म्हणून दुसऱ्याचं घेतलं नसेल असं कसं म्हणतेस? चौसष्ट भर. आणि तो रस बघ, उतू चाललाय.”

स्टोव्ह पुसण्यात माझा अर्धा तास गेला. वाद मीच जिंकला असं मनात घोकत मी घरी आले, पण घरात जीव काही ठरेना. झाडून झालेलं परत झाडलं. तांदूळ निवडायला घेतले आणि तसेच ठेवून दिले. दोनदा यादी उघडून ते शेवटचं नाव बघितलं. पाळकसाहेबांचं अक्षर वाकडंतिकडं, पण हे नाव त्यांनी सावकाश, शाळेतल्या कित्त्यासारखं लिहिलं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई एक विचित्र गोष्ट करायची. शनिवारी पंच वही घेऊन दारात आला की ती दोन नावं सांगायची. “सगुणा उजागरे, शमुवेल उजागरे.” पंच एकच लिहायचा. दर महिन्याला ती दोन सांगायची, दर महिन्याला तो एक लिहायचा. बारा वर्षं. मी मोठी झाले तशी मला त्याची लाज वाटायला लागली, पंच यायच्या वेळी मी मुद्दाम परसात जाऊन बसायची. आई आजारी पडली तेव्हा तिनं माझ्याकडून त्याला पत्र लिहून घेतलं. मी जास्त नाही राहणार, एकदा येऊन जा, एवढंच. मी स्वतः पोस्टात टाकलं. त्यानंतर आई एकोणीस दिवस जगली आणि एकोणीस दिवस दाराकडं बघत होती. तो आला नाही. मातीलासुद्धा आला नाही.

आणि हा आता मेजाला येणार. मी उकळलेला रस पिणार.

रविवारी सकाळी सातलाच मी चर्चमध्ये गेले. वेदीच्या बाजूला एक खोली होती, पाळकसाहेबांचे झगे, जुनी भजनाची पुस्तकं आणि एक मोरी असलेली. तिथं टेबलावर ताटं मांडून मी भरायला सुरुवात केली. आधी बायकांचं ताट, मग पुरुषांचं. माझा हात या कामात पक्का बसला होता, एक थेंब इकडचा तिकडं होत नसे. साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.

हात थांबला. भांड्यात बरोबर एका प्याल्यापुरता रस होता. मी तो बघत उभी राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग मी चौसष्टावा रिकामा प्याला कपाटात परत ठेवला आणि भांड्यातला रस मोरीत ओतला. होय, मीच ती, जिला कडुनिंबाला घालायचं जिवावर येत होतं. वर पाण्याचा तांब्या ओतला आणि मनात तयारी करून ठेवली की कुणी विचारलंच तर मोजण्यात चूक झाली म्हणायचं. माणूस आहे, होते चूक.

मग पुढचं चित्र मनात रंगवलं. पुरुषांचं ताट शेवटच्या बाकावर जाईल. त्यात काही नसेल. अख्खी मंडळी माना वळवून बघेल, आणि त्या माणसाला कळेल की देणाऱ्याचा हात आपल्यापाशी येऊन रिकामा होतो म्हणजे काय होतं. आईला आणि मला चौदा वर्षं कळत होतं ते.

नऊला घंटा झाली. मी पेटी वाजवायची. आमच्या चर्चमध्ये पेटी मेजाच्या बाजूला, मंडळीकडं तोंड करून ठेवलेली असे, त्यामुळं मला सगळे दिसत. तो आला. दुसऱ्या कुणाचा तरी कोट अंगात, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मी त्याला उंच समजत होते, लहानपणी पाहिलेला म्हणून असेल. शेवटच्या बाकावर भिंतीच्या टोकाला बसला आणि त्या बाकावर दुसरं कुणीच बसलं नाही. माणसं पुढच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली, पण तिथं बसली नाहीत.

पाळकसाहेबांनी उभं राहून सांगितलं, “शमुवेल उजागरे यांना आपली मंडळी आज मेजाला परत घेत आहे.” कुणी खाकरलं. सावळेराम पंच खिडकीबाहेर बघत होते. बापानं उभं राहून दोन्ही हात जोडले, खोकल्याची उबळ आली म्हणून रुमाल तोंडाशी धरला आणि खाली बसला.

भाकर फिरली. भाकर एकच, तिचे तुकडे करायचे, त्यामुळं ती कमी पडत नाही. त्यालाही मिळाली. मग ताटं निघाली. पंच मेजापाशी आपापला प्याला घेत, मग ताटं घेऊन बाकाबाकाशी जात. ज्यानं त्यानं आपला प्याला उचलून हातात धरायचा, आणि पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळ्यांनी एकदम प्यायचा. माझा प्याला मी पेटीवर ठेवला होता. पुरुषांचं ताट सावळेरामांकडं होतं.

मी पेटी वाजवत होते खरी, पण काय वाजवत होते ते देवाला ठाऊक. सूर पुढं पळत होता. ताट एकेक बाक मागं जात होतं. सकाळपासून मी या घटकेची वाट बघत होते, आणि ती जवळ यायला लागली तशी ती नको वाटायला लागली. अजून चार बाक होते. अजून उठता येत होतं. पेटीवरचा प्याला घेऊन मधल्या वाटेनं चालत गेले असते तर पंधरा पावलं. मी मनात पावलं मोजली आणि बसून राहिले. तीन बाक. दोन.

सावळेराम शेवटच्या बाकाशी पोचले. आधीच्या बाकापासूनच तोंड फिरवून त्यांनी ताट त्याच्यापुढं धरलं, कारण त्यांनी पंचांच्या बैठकीतच सांगितलं होतं की मी पंच म्हणून ताट धरीन पण त्याचं तोंड बघणार नाही. त्यामुळं ताटात काही नाही हे त्यांनी पाहिलं नाही. ते ठाऊक होतं दोघांनाच, त्याला आणि मला.

त्यानं ताटाकडं बघितलं. मग सबंध चर्च ओलांडून माझ्याकडं बघितलं. माझी बोटं पट्ट्यांवर थांबली होती आणि भाता नुसताच हलत होता. मी वाट बघत होते की आता हा उभा राहील, आता बोलेल.

त्यानं हात पुढं केला. ताटावर नेला, प्याला उचलावा तशी तीन बोटं जुळवली, मूठ छातीशी आणली आणि दुसऱ्या हातानं ताट हलकेच मागं सारलं. सावळेराम रिकामं ताट घेऊन मेजाकडं परत आले.

“सगळ्यांनी घ्या. हे तुमच्यासाठी,” पाळकसाहेब म्हणाले. मंडळीनं प्याले ओठांना लावले. मागं शेवटच्या बाकावर त्यानं ती मूठ ओठांशी नेली, मान मागं टाकली, गिळलं आणि बाहीनं तोंड पुसलं. त्याच्या शेजारी कुणी बसलं असतं तर ते कळलं असतं. कुणी बसलंच नव्हतं.

माझा प्याला पेटीवर तसाच राहिला.

उपासना संपली. पाळकसाहेब दाराशी उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. मी ताटं गोळा करायच्या निमित्तानं मागच्या बाकांपाशी घुटमळत होते. सावळेरामांना त्यांनी विचारलं, “पुरलं ना सगळ्यांना?”

“बरोबर पुरलं. एकही उरला नाही,” सावळेराम म्हणाले आणि सायकलीकडं गेले.

मग हा आला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “शमुवेल, चौदा वर्षांनी रे.”

“हो पाळकसाहेब,” तो म्हणाला. “पोटभर झालं.”

माझ्यानं तिथं थांबवेना. ताटं घेऊन मी बाजूच्या खोलीत गेले, मोरीपाशी उकिडवी बसले आणि प्याले धुवायला लागले. चीड कसली येत होती ते मला कळेना. माझी फजिती झाली असती तर बरं, असं वाटत होतं. त्यानं आरडाओरडा केला असता, चर्चमध्ये तमाशा झाला असता, तरी मी नेटानं तोंड दिलं असतं. हे काय करून ठेवलं त्यानं?

दारात खोकला ऐकू आला.

“येऊ का?”

मी प्याले धूत राहिले. तो आत येऊन स्टुलावर बसला. टेबलावरचं फडकं उचललं आणि धुतलेला एक प्याला घेऊन पुसायला लागला. सावकाश, नीट पुसत होता.

“ताट रिकामं होतं,” मी म्हटलं.

“हं.”

“चूक नव्हती ती. मी मुद्दाम भरला नाही.”

“माहीत आहे मला.”

“कसं?”

“तू माझ्याकडंच बघत होतीस. पेटी वाजवायची राहून गेली तुझी.”

“मग बोलला का नाहीत? उभं राहायचं होतं. सांगायचं होतं, मला मिळालं नाही म्हणून.”

त्यानं पुसलेला प्याला उजेडात धरून बघितला. “सांगितलं असतं तर त्यांनी तुला विचारलं असतं, सगळ्यांदेखत. तुला मान खाली घालायला लागली असती. एकदा माझ्यामुळं लागली तेवढी बास झाली.”

मला रडू यायला लागलं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी प्याले खळाखळा धुवायला लागले. एक फुटला. त्यानं खाली वाकून काचा वेचल्या.

“आईनं पत्र पाठवलं होतं,” मी म्हटलं. “शेवटचं. मिळालं होतं का?”

“मिळालं.”

“मग?”

“नाही आलो.”

मी वाट बघितली. काहीतरी कारण सांगेल, आजारी होतो म्हणेल, त्या बाईनं अडवलं म्हणेल, वेशीपर्यंत येऊन परत गेलो म्हणेल. म्हटलं असतं तर मी ते पायाखाली तुडवलं असतं. त्यानं वेचलेल्या काचा टेबलावर ठेवल्या.

“एवढंच?”

“याच्यापुढं काय सांगू केझी? काहीही सांगितलं तरी ते खोटं होईल. यायला पाहिजे होतं, नाही आलो.”

मग मी मोरीवरून उठले आणि त्याच्यासमोर उभी राहून ते बोलले. आजवर मी पुष्कळ पापं केली, पण तोंडानं केलेलं याच्याहून मोठं नसेल. मी म्हटलं, “ख्रिस्त तुमच्यासाठी मेला असं मला वाटत नाही.”

खरं म्हणजे मास्तरांची शिकवण मला गोड का लागली होती, ते मला त्याच वेळी, त्याचा तो वाळलेला चेहरा समोर असताना कळलं. ज्या मुलीला बापानं टाकलं, तिला कुणीतरी निवडलं होतं. जगाच्या आधी, नाव घेऊन, आणि या माणसाला सोडून. ते ‘याला सोडून’ मला पाहिजे होतं. त्याच्याशिवाय निवडलं जाण्यात मला काही चव नव्हती. मास्तरांचा ख्रिस्त काय होता ते मास्तर जाणोत. माझा ख्रिस्त मी माझ्या बापाला दाराबाहेर उभं करायला नेमला होता.

त्यानं माझं बोलणं ऐकून घेतलं. त्याला राग आलेला दिसला नाही. विचार करत होता.

“मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं,” तो म्हणाला. “म्हणून तर फिरकलो नाही इकडं. आता या आजारात पडल्या पडल्या दुसरं काम नाही, म्हणून विचार केला.” खोकला आला, तो थांबेपर्यंत त्यानं टेबल धरून ठेवलं. “तू भरलं नाहीस म्हणून त्यानं रक्त सांडलं नाही, असं थोडंच आहे पोरी.”

राहुरीची गाडी किती वाजता आहे ते सांगावं तसं त्यानं हे सांगितलं. सांगून परत फडकं उचललं.

पुसता पुसता त्याचा हात ताटाच्या कडेला असलेल्या एका प्याल्याशी थांबला. तो भरलेला होता. पेटीवरून मी बाकीच्यांबरोबर तसाच उचलून आणला होता.

“हा कुणाचा?”

“माझा.”

“राहिला?”

“घेववला नाही,” मी म्हटलं. मग मी प्याला त्याच्याकडं सरकवला. “तुम्ही घ्या.”

“मी घेतलं की मघाशी.”

“ते काय घेणं झालं? तुमच्या हातात काही नव्हतं.”

“घेतलं मी,” तो अगदी खात्रीनं म्हणाला.

त्यानं प्याला उचलला. उचलताना थोडा रस त्याच्या बोटांवर सांडला. स्टुलावरून तो कष्टानं उठला, कारण ते बसून द्यायचं नसतं, आणि पाळकसाहेब सगळ्यांना म्हणतात ते मला एकटीला म्हणाला.

“घे. हे तुझ्यासाठी.”

मी ओले हात पदराला पुसले. अण्णांच्या हातातून तो प्याला घेतला आणि त्यांच्यासमोर उभी राहून प्यायले.